मूळपेशीला शेजार लागतो

काळं बुबुळ जिथे पांढऱ्याला मिळतं, तिथे गोल फिरलेली जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीची एक कड असते. वैद्यकात तिला लिंबस म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक डोळ्यांत तिला तपकिरी झाक असते. मी यवतमाळ जिल्ह्यात डोळ्यांची डॉक्टर आहे. मोतीबिंदू हे माझं रोजचं काम. पण डोळा भाजलेलं माणूस आलं की मी सगळ्यात आधी ही कड पाहते, कारण त्या डोळ्याला पुढे दिसणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. मोबाइलवर आणि चौकातल्या फलकांवर ‘स्टेम सेल’च्या ज्या जाहिराती सध्या दिसतात, त्यांना माझा विरोध का आहे, हेही मला या कडेवरूनच नीट सांगता येतं.

बुबुळावरची पारदर्शक कातडी साधारण सात ते दहा दिवसांत पूर्ण नवी होते. वरच्या पेशी पापणीच्या उघडझापीत गळत राहतात, खालून आणि बाजूने नव्या येत राहतात. थॉफ्ट आणि फ्रेंड या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये याचा हिशेब मांडला: तळातून वर येणाऱ्या पेशी अधिक कडेकडून मध्याकडे सरकणाऱ्या पेशी बरोबर गळून जाणाऱ्या पेशी. कडेकडून येणाऱ्यांचा उगम कुठे, हे न्यूयॉर्कमध्ये तुंग-त्येन सुन यांच्या गटाने १९८६ आणि १९८९ च्या कामांतून दाखवलं. तो उगम लिंबसमध्ये, तिथल्या तळच्या थरातल्या मूळपेशींत आहे.

मूळपेशी म्हणजे जी दुभंगल्यावर स्वतःला शिल्लक ठेवते ती. तिच्यापासून निघालेली एक पेशी कामाला निघून जाते आणि एक मूळपेशी म्हणून मागे राहते. ही मागे राहणारी का मागे राहते? बरीच वर्षं सगळ्यांचा समज होता की तो गुण त्या पेशीच्याच अंगात असतो. १९७८ मध्ये मँचेस्टरच्या रे स्कोफिल्ड यांनी रक्त तयार करणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना वेगळं मत मांडलं. हाडांच्या मज्जेत मूळपेशी काही ठराविक पेशींना लगटून असते, त्या शेजारणी तिला तिच्या मूळ अवस्थेत धरून ठेवतात, आणि ती तिथून सुटली की तिची मुदत सुरू होते, असं त्यांचं म्हणणं होतं. शास्त्रज्ञ या जागेला ‘निश’ म्हणतात. मी या लेखात शेजार म्हणणार आहे.

स्कोफिल्ड यांच्या आधी टोरोंटोमध्ये टिल आणि मॅककुलॉक यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात उंदरांवर काम झालं होतं, आणि मला ते आजही या विषयातलं सगळ्यात स्वच्छ काम वाटतं. दोन जातींचे उंदीर, दोन्ही जन्मतः रक्तक्षयाचे. पहिल्या जातीच्या उंदराला निरोगी मज्जा दिली की तो बरा होतो. दुसऱ्याला तीच निरोगी मज्जा दिली तरी काही उपयोग होत नाही. आता उलटं करून पाहा: या दुसऱ्या, बरा न होणाऱ्या उंदराची मज्जा काढून पहिल्याला दिली तर पहिला बरा होतो! म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशी चांगल्याच होत्या. त्या ज्या जागी राहत होत्या, ती जागा नापीक होती. १९९० मध्ये यामागचा रेणू सापडला. शेजारच्या पेशी एक प्रथिन तयार करतात आणि ते धरणारा ग्राहक मूळपेशीच्या अंगावर असतो. पहिल्या उंदरात ग्राहक बिघडलेला होता, दुसऱ्यात शेजारणींचं ते प्रथिन.

त्यानंतर जिथे जिथे पाहिलं, तिथे तिथे शेजार सापडत गेला. फळमाशीच्या अंडाशयात मूळपेशी टोकाच्या काही पेशींना चिकटून असतात. अॅलन स्प्रॅडलिंग आणि टिंग शिए यांनी २००० मध्ये दाखवलं की त्यातली एक मूळपेशी गळाली तर लगतची मूळपेशी दुभंगते आणि रिकामी जागा भरून काढते. आपल्या लहान आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं. तिथल्या खोलगट खळग्यांच्या तळाशी मूळपेशी आणि पॅनेथ पेशी एकाआड एक बसलेल्या असतात. पॅनेथ पेशींचं ठाऊक असलेलं काम जंतुनाशक द्रव्यं सोडण्याचं. नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २०११ मध्ये सांगितलं की मूळपेशीला टिकून राहायला लागणारे संदेशही त्याच पुरवतात. पुढे असंही दिसलं की उंदरांतल्या पॅनेथ पेशी काढून टाकल्या तरी आतडं तग धरतं, कारण अस्तराखालच्या पेशीही तेच संदेश पाठवत असतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकीने हात सोडला तरी दुसरी धरून ठेवील, अशी सोय शरीराने करून ठेवली आहे.

डोळ्याची कडही अशीच आहे. कडेवर तळाचा थर सपाट नसतो, उभे वरंबे आणि त्यांच्यामधल्या सऱ्या असतात. स्विस नेत्रतज्ज्ञ व्होग्ट यांचं नाव त्यांना आहे. वर आणि खाली, म्हणजे पापण्यांच्या आड, त्या जास्त ठळक असतात. २००५ मध्ये नॉटिंगहॅमच्या हरमिंदर दुआ यांनी या सऱ्यांच्या टोकाशी आत शिरलेल्या छोट्या कपारी दाखवल्या आणि मूळपेशींचा शेजार तिथे असावा असं सुचवलं. दुआ यांचं वैद्यकीय शिक्षण नागपूरचं, हे मी आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. या सऱ्यांमध्ये मूळपेशींना खेटून रंगद्रव्याच्या पेशी असतात, त्यांचा तपकिरी रंग उन्हातल्या अतिनील किरणांपासून आडोसा देतो. खाली पातळ पटल, त्याखाली जोडऊतींच्या पेशी, त्यांच्यातून येणारे रासायनिक संदेश. बाजूला बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. बुबुळाच्या मध्यावर रक्तवाहिनी एकही नसते, रंगद्रव्यही नसतं. असतं तर आपल्याला स्वच्छ दिसलंच नसतं. म्हणून हा सगळा संसार कडेवर आहे.

आणि आमच्या भागात या संसारावर सगळ्यात मोठा घाला येतो तो चुन्याचा.

खर्रा घोटायला चुना लागतो, तंबाखू मळायला लागतो, पानाला लागतो. पूर्वी तो डबीत असे. आता प्लास्टिकच्या पुडीत नाहीतर छोट्या ट्यूबमध्ये मिळतो. बाप खिशातली ट्यूब काढून खाटेवर ठेवतो. तीन-चार वर्षांचं पोर ती उचलतं आणि दाबतं. तोंडाशी चुना वाळून बसलेला असला की काही येत नाही, म्हणून ते डोळ्याजवळ धरून आत बघतं आणि आणखी जोरात दाबतं. चुना वाळलेलं बूच उडवून थेट डोळ्यात जातो. एखाद्या आजीने सांगितलेली ही हकिगत मी शब्दही न बदलता दुसऱ्या आजीकडून ऐकलेली आहे.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्क. आम्ल डोळ्यात गेलं की वरची प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थर काही प्रमाणात आम्लालाच अडवतो. अल्क पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं विरघळवत आत उतरत जातो. त्यात चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आतल्या खोबणीत चिकटतात आणि तिथून तासन्तास झिरपत राहतात. त्यामुळे नुसता बाहेरून चेहरा धुऊन भागत नाही. पापणी उलटून, पुन्हा एकदा उलटून, कापसाच्या काडीने तो पांढरा लगदा काढावा लागतो आणि मग सलाइनने धूतच राहावं लागतं. लहान मूल हे सहन करत नाही, त्याला गुंगी द्यावी लागते.

धुऊन झालं की मी डोळ्यात फ्लुरोसिनचा थेंब टाकते आणि निळ्या प्रकाशात पाहते. जिथली कातडी गेली आहे तिथे हिरवं चमकतं. मग कडेवरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं. बारापासून चारपर्यंत गेलं आहे, चार ते सात शाबूत, सात ते नऊ पुन्हा गेलं. हे तास कागदावर लिहायचे. भाजलेल्या डोळ्याची प्रतवारी अशी कडेच्या तासांवर करण्याची पद्धत दुआ यांनीच २००१ मध्ये मांडली आणि ती आता सगळीकडे वापरतात. बारापैकी तीन तास गेले तर मी आईबापांना धीर देते. नऊ तास गेले असतील तर शब्द जपून वापरते. बारा तास गेले असतील तर डोळा पुढे कुठे आणि केव्हा पाठवायचा, याची जुळवाजुळव त्याच दिवशी सुरू करते.

यातली एक गोष्ट घरच्यांना समजावणं फार अवघड जातं. “बाई, डोया त लाल बी नाही झाला, बरा होईन न?” असं एका आजीने मोठ्या आशेने विचारलं होतं. डोळा लाल नव्हता, कारण कडेजवळच्या रक्तवाहिन्या मेल्या होत्या. लाल झालेल्या डोळ्यात रक्त खेळत असतं, शेजार जिवंत असतो, बरं होण्याची धडपड चालू असते. भाजल्यानंतर संगमरवरासारखा पांढराशुभ्र पडलेला डोळा पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

कडेच्या मूळपेशी गेल्या की पांढऱ्या भागावरची कातडी, रक्तवाहिन्यांसकट, बुबुळावर चढते. लोक म्हणतात डोळ्यात फूल पडलं. पुष्कळांना वाटतं, मग नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवलं की झालं. तसं होत नाही. बसवलेल्या बुबुळावरची कातडीही काही काळाने गळतेच, आणि नवी कातडी पुरवणारी कड रुग्णाच्या स्वतःच्या डोळ्यात हवी असते. ती नसेल तर नवं बुबुळही धूसर होतं. कुणाच्या तरी मरणानंतर कुटुंबाने दुःखात दिलेलं दान असं वाया जाताना पाहणं मला सहन होत नाही.

शेजाराचं मोल किती, हे मला सगळ्यात लख्खपणे पटवलं ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या गटाने उंदरांच्या डोळ्यांतली कडेवरची कातडी मूळपेशींसकट खरवडून काढली, पण खालचा थर तसाच ठेवला. डोळा आंधळा व्हायला हवा होता. झाला नाही. बुबुळावरच्या ज्या पेशी केव्हाच कामाला लागल्या होत्या, त्या मागे फिरून कडेवर आल्या आणि तिथे पुन्हा मूळपेशी झाल्या. मात्र कडेखालचा थरही नष्ट केला तेव्हा हे घडलं नाही. तिथे पेशींना परत फिरून वसायला जागाच उरली नव्हती. म्हणजे मूळपेशी गेल्या आणि शेजार राहिला तर शरीर मूळपेशी पुन्हा घडवू शकतं. शेजार गेला तर चांगल्या पेशीही निरुपयोगी होतात. हा उंदरातला निकाल आहे हे मी विसरत नाही. पण चुन्याने भाजलेल्या पोरांच्या डोळ्यांत मी जे बघते, ते याच्याशी जुळतं.

उपचारही या समजुतीवरच पुढे सरकले आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून रुग्णाच्या चांगल्या डोळ्यातल्या कडेचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत पेशींचा थर वाढवायचा आणि तो भाजलेल्या डोळ्यावर बसवायचा, असं काम चालू होतं. २०० रुग्णांच्या दहा वर्षांच्या अनुभवात ७१ टक्के डोळ्यांत यश आलं. पण त्याला खास प्रयोगशाळा लागायची, खर्च मोठा. २०१२ मध्ये वीरेंदर संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळाच वगळली. चांगल्या डोळ्याच्या कडेतून सुमारे दोन बाय दोन मिलिमीटरची पट्टी घ्यायची. भाजलेल्या बुबुळावर चढलेली कातडी सोलून काढायची. त्यावर बाळाभोवतीच्या पाणपिशवीचा पापुद्रा, जो सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने जमा केलेला असतो, फायब्रिनच्या गोंदाने बसवायचा. मग पट्टीचे आठ-दहा बारीक तुकडे करून त्यावर गोलाकार ठेवायचे, मधला भाग दृष्टीसाठी मोकळा सोडून. वरून काँटॅक्ट लेन्स. ही शस्त्रक्रिया भिंगाखालून पाहताना मी श्वास रोखून बसले होते. तुकडा इतका छोटा असतो की चिमट्याच्या टोकावर तो आहे की नाही, हे दोनदा तपासावं लागतं. काही दिवसांत प्रत्येक तुकड्याभोवती नवी कातडी पसरू लागते आणि कडा एकमेकींना मिळतात.

एका डोळ्याला इजा झालेल्या १२५ रुग्णांचा त्यांचा अहवाल २०१६ चा आहे. ७६ टक्के डोळे यशस्वी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या थराइतकंच, किंबहुना थोडं जास्तच. माझं मत असं की यामागे शेजार आहे. तुकड्यात मूळपेशी एकटी येत नाही, तिच्या खालच्या पटलासह आणि आसपासच्या पेशींसह येते, आणि खाली पाणपिशवीचा पापुद्रा तिला अंथरूण म्हणून मिळतो, जो सूज कमी करतो. ज्या डोळ्यांत यश आलं नाही ते कुठले होते, हेही त्या अहवालात आहे: आम्लाने भाजलेले, पापण्या डोळ्याला चिकटून गेलेले, आणि ज्यांत त्याच वेळी बुबुळही बदललं होतं असे. चांगल्या डोळ्यातले तेच तुकडे, तेच हात, पण जिथे ठेवले ती जागा बिघडलेली.

प्रयोगशाळेतही हेच शिकावं लागलं होतं. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी १९७५ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी पहिल्यांदा भरपूर वाढवल्या, त्या उंदराच्या जोडऊतींच्या पेशींवर. किरणोत्सर्ग देऊन त्या उंदराच्या पेशींचं दुभंगणं थांबवलेलं होतं. त्या स्वतः वाढत नव्हत्या, पण जिवंत राहून कातडीच्या पेशींना पोसत होत्या. १९८३ मध्ये अमेरिकेत ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांचे प्राण अशा वाढवलेल्या कातडीने वाचले. ग्रेझिएला पेलेग्रिनी यांनी इटलीत १९९७ मध्ये डोळ्यासाठी हीच पद्धत वापरली.

पेशीची प्रत बिनमहत्त्वाची आहे, असं कुणी समजू नये. इटलीतल्या ११२ रुग्णांचा २०१० चा अहवाल सांगतो की लावलेल्या थरात खऱ्या मूळपेशींचं प्रमाण तीन टक्क्यांच्या वर असेल तर ७८ टक्के यश, आणि त्याहून कमी असेल तर अवघं ११ टक्के. दोन्ही लागतात. पण बाजारात विकली जाते ती फक्त पेशी.

बाजार हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे. पाठीच्या कण्याला इजा, स्वमग्नता, गुडघेदुखी, डोळ्याचा पडदा खराब होणं, अशा कशावरही ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन देतो म्हणणारे दवाखाने देशात आहेत. माझ्याकडे आलेल्या एका बापाने मुलाच्या दृष्टीसाठी अशा इंजेक्शनांवर शेत गहाण टाकून पैसे घातले होते. मुलाचा आजार डोळ्याच्या नसेचा होता. शिरेतून दिलेल्या त्या पेशी कुठे जातात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जोडऊतींच्या मूळपेशी म्हणून जे शिरेतून दिलं जातं, त्यातला बराचसा भाग आधी फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकतो. त्यातली एखादी डोळ्याच्या नसेपाशी पोहोचली, असं धरून चाललं तरी तिला तिथे ओळखणारं, धरून ठेवणारं कोण आहे? कापसाचं कितीही महागडं बियाणं आणा, खारपाणपट्ट्यात चुकीच्या जमिनीत टाकलं तर शेतकऱ्याच्या हाती काय येतं, हे या बापाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण पेशीबद्दल त्याला कुणी या भाषेत सांगितलंच नव्हतं.

काही वेळा नुसता पैसाच जात नाही. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्लोरिडातल्या तीन वृद्ध स्त्रियांची हकिगत आली. डोळ्याचा पडदा वयामुळे झिजत होता म्हणून त्या एका खासगी दवाखान्यात गेल्या. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या. प्रत्येकीने त्यासाठी ५,००० डॉलर भरले होते. आठवडाभरात डोळ्यांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले, दृष्टी गेली. चरबीतल्या पेशीला डोळ्याच्या पोकळीत टाकलं तर ती तिथे काय करील, याची पुरेशी चौकशी कुणी आधी केलेली नव्हती.

कुणी म्हणेल, मग रक्ताच्या कर्करोगात मज्जारोपण शिरेतूनच तर करतात. होय, आणि ते यशस्वी होतं. भारतात ते १९८३ पासून मुंबईच्या टाटा रुग्णालयात सुरू झालं. ते यशस्वी होण्याचं कारणही शेजारातच आहे. मज्जेतल्या पेशी एक रासायनिक खूण सोडतात, रक्ताची मूळपेशी ती खूण ओळखून रक्तातून हाडात शिरते आणि आपल्या शेजारणींपाशी बसते. आधी दिलेल्या औषधांनी तिथे जागा रिकामी केलेली असते. घर आहे, वाट ठाऊक आहे, म्हणून पेशी घरी पोहोचते.

आपल्या पुण्यात या शेजाराचं मोलाचं काम झालेलं आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात वैजयंती काळे यांच्या गटाने रक्ताच्या मूळपेशी आणि मज्जेतल्या आधारपेशी यांचं नातं वर्षानुवर्षं अभ्यासलं. २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की उंदरातल्या म्हाताऱ्या मूळपेशींना तरुण आधारपेशींच्या सहवासात ठेवलं तर त्यांच्यात पुन्हा तरुणपणाचे गुण दिसतात, आणि ते काम आधारपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटकुळ्यांमार्फत होतं. ज्या लोकांना चेहऱ्याला लावायच्या ‘स्टेम सेल क्रीम’ची माहिती असते, त्यांना या कामाची नसते, याचं मला वाईट वाटतं.

कायद्याच्या बाजूने आपण अगदी रिकामे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठराविक आजारांतलं रोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर मान्य उपचार म्हणून करता येत नाही, तो चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा कुणी ‘स्टेम सेल’साठी पैसे मागत असेल तर रुग्णाने एवढंच विचारावं: ही चाचणी आहे का, तिची नोंदणी कुठे आहे, आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? रुग्णाला हे विचारावं लागू नये, जिल्हा पातळीवर कुणीतरी जाहिराती पाहून कारवाई करायला हवी. आज ती होताना मला दिसत नाही.

पण माझा जास्त जीव तुटतो तो याच्याही आधीच्या टप्प्यासाठी. डोळ्यात चुना गेल्यावरची पहिली काही मिनिटं हाच शेजार वाचवण्याचा खरा काळ. घरातलं स्वच्छ पाणी घ्यायचं, मुलाला आडवं धरून, डोळा उघडा ठेवून, निदान पंधरा-वीस मिनिटं धार सोडत राहायची. लिंबू पिळायचं नाही, तूप, मध किंवा आईचं दूध घालायचं नाही, डोळा चोळायचा नाही. धुऊन झाल्यावरच गाडी शोधायला निघायचं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं न धुता आणलेली असतात. घरचे घाबरून आधी गाडीमागे धावतात, आणि तालुक्यापर्यंतच्या त्या सगळ्या वेळात चुना पापणीखाली आपलं काम करत असतो. अंगणवाडी सेविकेला आणि आशा ताईला हे एका बैठकीत शिकवता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला पापणी दोनदा उलटून कण काढायचा सराव देता येतो. सलाइनची बाटली आणि नळी तिथे असतेच.

आणि ती ट्यूब. चुन्याच्या पुड्यांच्या धोक्याबद्दल भारतीय डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये इशारा दिला तो २००३ मध्येच. तंबाखूच्या पाकिटावर भयंकर चित्रं छापणं आपण सक्तीचं केलं, त्यासोबतच्या चुन्यावर मात्र ‘डोळ्यात गेल्यास ताबडतोब पाण्याने धुवा’ एवढी ओळही मोठ्या अक्षरांत नसते. लहान मुलाला उघडता येणार नाही असं झाकण, दाबलं तरी पिचकारी उडणार नाही असं तोंड, आणि ही एक ओळ मराठीत, एवढं सक्तीचं व्हायला हवं. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, आणि चुन्याने भाजलेली पोरं त्याच नागपूरच्या रुग्णालयांत आमच्यासारखे डॉक्टर पाठवत असतात. विदर्भातल्या आमदारांनी यंदा हा प्रश्न सभागृहात मांडावा. ज्यांना कुणाला त्यासाठी माहिती हवी असेल त्यांना माझ्या रुग्णांची नावं वगळून, कडेचे किती तास गेले ते लिहिलेले कागद दाखवायला मी तयार आहे.